आबांचा फोन मी जोडला

चहा आला ना सगळ्यांच्या हातात? मग ऐका. पण आधी शब्द द्या, ऐकून झाल्यावर तोंडावर हसायचं नाही. माझ्यामागं काय हसायचं ते हसा. आमच्या घरात ती सोय राहिली नाही, तिथं सगळे समोरच हसतात.

माझ्या हातून एकदा असा घोळ झाला, की तीन जिल्ह्यांतली माणसं सकाळच्या पारी गाड्या काढून निघाली. मी काय केलं होतं? फक्त एक फोन जोडला होता!

नांदेडच्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे, बावीस वर्षं झाली. गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला, गीझर तापेना, की बोलावणं मला येतं. सांगायचं काय, तर मला वायरीची आणि बटणाची भीती म्हणून नाही. थोडी असती तर बरं झालं असतं!

आमचे आबा लातूरला राहतात. आई गेल्यापासून एकटेच. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सारी नोकरी बसस्टँडवरच्या केबिनमध्ये बसून, 'अहमदपूर मार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे' असं सांगण्यात गेली. त्यामुळं घरात मीठ मागायचं असलं तरी ते सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असं मागतात.

मोबाइल मात्र त्यांना अजिबात आवडत नाही. "साबणाच्या वडीएवढं ते! कानाला लावावं तर तोंडापर्यंत येत न्हाई, तोंडाशी धरावं तर कानाला ऐकू येत न्हाई." आम्ही घेऊन दिलेला मोबाइल त्यांनी कपाटात ठेवलाय. बंद करून, रुमालात गुंडाळून.

गेल्या साली त्यांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका. आबा म्हणाले, मी हितून हलणार न्हाई. मग मी आणि पुण्याचा माझा धाकटा भाऊ मिलिंद, आम्ही तोडगा काढला. आबांना त्यांच्या आवडीचा, हातात वजन लागणारा, रिसीव्हरवाला फोन बसवायचा. आणि रोज सकाळी सातला मी फोन करून आवाज ऐकायचा.

आता जुन्या तारेचा फोन रस्ता खोदला तेव्हा मेला, तो मेलाच. पण चौकशी केली तेव्हा कळलं, घरात ब्रॉडबँड घेतलं की त्याच डब्यातून फोनही चालतो. नंबर नवा मिळतो, फोन आपला जुना चालतो. तो फक्त डब्याला जोडायचा. फक्त!

एका रविवारी मी लातूरला गेले. कंपनीचा माणूस आला, भिंतीला भोक पाडलं, बारीक तार आत घेतली, डबा बसवला, दिवे लागले.

"मॅडम, फोन बी जोडून देतो."

"नको. तेवढं मी करते."

"करू दे की गं त्याला," आबा खुर्चीतून म्हणाले. "त्याचं रोजचं काम हाय."

"आबा, मी फिजिक्सची आहे."

"तो फोनचा हाय."

पण ऐकेन तर शप्पथ! त्या माणसानं कोडांची एक चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि गेला. जाताना हसला की काय, असं मला आता वाटतं.

मी बसले जमिनीवर मांडी ठोकून. डब्याच्या मागं भोकांची रांग. फोनची पिन घातली एकात, टक्कन बसली. रिसीव्हर कानाला लावला. काही नाही! पिन काढली, फुंकली, घातली. काही नाही. वायर बदलली, हलवली, उलटी केली. डबा बंद केला, चालू केला. पाऊण तास गेला.

"गाडी लागली का फलाटाला?" आबांनी विचारलं.

"थोडा उशीर आहे."

आबा उठले, चष्मा लावला, वाकून बघितलं. "ह्या भोकावर फोनचं चित्र काढलंय बघ. तू शेजारच्यात घालून राहिली."

मी पिन काढून त्या भोकात घातली आणि रिसीव्हरमधून कसा छान 'घुंऽऽ' आवाज आला!

"मी तेच करणार होते," मी म्हणाले.

मग मी माझ्या मोबाइलवरून नवा नंबर लावला. फोन असा खणखणीत वाजला की ओट्यावरची मांजर पळाली. आबांनी शर्ट नीट केला आणि रिसीव्हर उचलला. "हॅलो! जयभीम! आबा बोलतोय, लातूर!" मी दोन हातांच्या अंतरावर उभी. त्यांचा आवाज फोनशिवायच नांदेडला पोचला असता. पण चेहरा असा खुलला होता म्हणून सांगू! लगेच त्यांनी शिरूर अनंतपाळला शांताआत्याला फोन लावला, मग पुण्याला मिलिंदला. "नंबर लिहून घ्या. आता ह्याच्यावरच करायचा. मोबाइलचं नाव काढायचं न्हाई!" आणखी चार-पाच दोस्तांना लावले.

त्या क्षणी मी पर्स उचलून स्टँडवर गेले असते, तर आज तुमच्यासमोर मान वर करून बसले असते.

पण हातात ती चिठ्ठी होती. तिच्यावर एक सोय दिसली. आबांचा फोन आपोआप दुसऱ्या नंबरवर पाठवायची. मी म्हटलं, ही खरी कामाची गोष्ट! आबांनी फोन उचलला नाही, तर तो माझ्या मोबाइलवर यावा. खाली तीन ओळी होत्या. लाइन बिझी असेल तर एक कोड, उचलला नाही तर दुसरा कोड, आणि तिसरी ओळ, 'सगळे कॉल'.

मी विचार केला. आबा न्हाणीत असले तर? दुसऱ्याशी बोलत असले तर? छातीत दुखायला लागलं तर? एकेक कोड कशाला टाकत बसायचं? 'सगळे' टाकला की सगळ्या अडचणी त्यात आल्या! स्टार दाबला, कोड दाबला, माझा नंबर दाबला. पलीकडून एक बाई गोड इंग्रजीत काहीतरी बोलली. मी तिला थँक्यू म्हणाले आणि पाचची बस पकडली.

सोमवारी सकाळी बरोबर सातला मी फोन लावला.

टूं-टूं-टूं. बिझी.

म्हटलं असेल, नवा फोन आहे, आबा कुणाशी तरी बोलत असतील. सव्वासातला लावला, बिझी. सात वीसला, बिझी. पंचवीसला, बिझी. सकाळच्या पारी कुणाशी एवढं बोलून राहिले? मग मनात एक चित्र आलं, आणि आलं ते जाईना. फोन करायला म्हणून आबांनी रिसीव्हर उचललाय, छातीत कळ आलीय, रिसीव्हर खाली लोंबतोय...

आबांच्या शेजारच्यांना लावला तर ते कुटुंब लग्नाला उदगीरला गेलेलं, फोन वाजून वाजून थांबला. आमचे हे दाढी करत होते. म्हणाले, "अगं, फोन बिघडला असेल."

"मी जोडलेला?" मी म्हणाले.

साडेसातला माझा मोबाइल वाजला. मिलिंद! मी झडपच घातली.

"मिल्या, बरं झालं बाबा तू फोन केलास!"

तो जरा गडबडला. "ताई? तू? तू काल जाणार होतीस ना?"

"आले की संध्याकाळीच. ते जाऊ दे. अरे, आबांचं काहीच कळेना! अर्धा तास झाला, नुसतं टूं-टूं-टूं करतंय."

"टूं-टूं? कुठून?"

"कुठून म्हणजे? आतूनच की!"

"अगं मग... हलवून बघितलंस का?"

मला वाटलं, वायर. "काल चांगलं दहा वेळा हलवलं. आता काय हलवणार?"

"कालपासून असं आहे?"

"नाही रे, काल संध्याकाळी छान चालू होतं. आज सकाळी एकाएकी बंद पडलं."

"बंद पडलं!" त्याचा आवाज चिरकला. "डॉक्टरला बोलावलंस का?"

"डॉक्टर काय करणार ह्यात? दहा वाजता कंपनीचं ऑफिस उघडलं की त्यांनाच बोलावते."

"कंपनी? ताई, तुला आत्ता विमा सुचून राहिलाय?"

"कसला विमा?"

"मी निघालो. तू रडू नकोस," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. आणि रडत होता तोच!

मी मोबाइलकडं बघत राहिले. मिल्या रडला? मिल्या आईच्या वेळेसच रडला होता. म्हणजे त्याला काहीतरी कळलंय! आणि तो मला सांगत नाही! मी त्याला उलट फोन लावला, बिझी. आबांना लावला, बिझी. पुन्हा मिल्याला, बिझी. जग सगळं बिझी!

तेवढ्यात शांताआत्याचा फोन. ही आबांची धाकटी बहीण. शिरूर अनंतपाळला असते, कानानं जरा कमी, मनानं लई हळवी.

"सुजे, तूच हाईस का गं तिथं?"

"हो आत्या, मीच आहे."

"मिल्या काय बोलून राहिला? दादा कुठंय? दे त्याला फोन."

"आत्या, कुणाला देऊ?" मला हुंदकाच फुटला. "आबा कुठले इथं? आबा इथं नाहीत गं!"

पलीकडून अशी किंकाळी आली की आमचे हे गालावर फेस तसाच घेऊन बाहेर आले. "न्हाई रेऽऽ माज्या दादाऽऽ!" मग धप्पकन आवाज. मग कोंबड्यांचा आवाज. मग काहीच नाही.

झालं! मिलिंदला माहीत, आत्याला माहीत. सगळ्या खानदानाला माहीत आहे, आणि पोटच्या पोरीला कुणी सांगेना!

ह्यांची कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती. त्यांनी मला ऑटोत घालून स्टँडवर सोडलं. "पोचली की फोन कर," म्हणाले. आम्हा दोघांना अजून फोनवर भरवसा होता.

बस निघाली. लोहा मागं पडलं आणि मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"आबांच्या घरचेच ना?" पुरुषाचा, दबलेला आवाज.

"हो, मी त्यांची मुलगी."

"लई वाईट झालं ताई."

"काय झालं? कधी झालं?"

"आम्हाला आत्ताच कळलं, शिरूरहून. कधी झालं ते तुम्हालाच माहीत."

"मला काहीच माहीत नाही हो! तुम्ही सांगा!"

"आता तुम्ही घरच्या माणूस, तुम्हाला आम्ही काय सांगायचं? धीर धरा."

असे किती फोन आले म्हणता? सात! प्रत्येक जण मला धीर धरायला सांगत होता आणि काय झालं ते मलाच विचारत होता. शेवटी मी विचारायचं सोडलं. प्रत्येकाला 'हो, झालं खरं' एवढंच म्हणत गेले. म्हणजे बघा, शंका होती ती मीच पक्की करून दिली!

शेजारच्या बाईनं मला पाणी पाजलं. कंडक्टर जवळ आला. "काय झालं ताई?"

"माझे वडील गेले हो! लातूरच्या स्टँडवर होते, कंट्रोलर..."

"आबा?" कंडक्टर मटकन समोरच्या सीटवर बसला. "आमचे आबा? ज्यांनी मला पहिल्या दिवशी तिकीट फाडायला शिकवलं ते?"

तो ड्रायव्हरजवळ गेला, कानात काहीतरी बोलला. ड्रायव्हरनं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि गाडी जी सोडली! थांबे दोनच घेतले. कंडक्टरनं लातूरच्या डेपोत फोन करून बातमी दिली. मी मिलिंदला लावावं म्हणून मोबाइल काढला, तर अहमदपूरच्या अलीकडंच तो मेला. सकाळपासूनच्या फोनांनी त्याची बॅटरी खाऊन टाकली होती.

लातूरच्या स्टँडवर उतरले, तर तीन निवृत्त कर्मचारी पांढरे शर्ट घालून उभे. एकाच्या हातात हार, कागदात गुंडाळलेला. एका ऑटोत आम्ही चौघं बसलो. आबांच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो वळली, आणि मला घर दिसलं.

दारात जीप. ओट्यावर चपलांचा ढीग. आत पांढऱ्या साड्या.

तोवर कुठंतरी एक आशा होती बघा. ती तिथंच संपली. मी ऑटोतून उतरले का पडले, मला आठवत नाही. दाराच्या चौकटीला धरून आत बघितलं, तर समोर आबांची खुर्ची, दाराकडं पाठ करून. खुर्चीत आबा. कानाला रिसीव्हर. हलत नाहीत, बोलत नाहीत.

"फोन करता करता गेऽऽले!" मी अंग टाकून दिलं आणि त्यांचे पाय धरले. "आबाऽऽ, मलाच फोन लावत होते होऽऽ!"

"मंग दुसऱ्या कुणाला लावू?" आबा फलाटाच्या आवाजात ओरडले. "सकाळधरनं लावून राहिलो! आधी बिझी, आता बंद! हाईस कुठं तू?"

मी पाय सोडले. वर बघितलं. आबा. डोळे उघडे, चष्मा नाकावर, मिशीला नाश्त्याच्या सुशीलेतला एक मुरमुरा चिकटलेला.

खोटं कशाला सांगू, मी आधी किंचाळले. मग त्यांच्या गळ्यात पडले. मग त्यांच्या छातीला कान लावला. स्प्रिंगा जागेवर होत्या.

मग कळलं काय झालं होतं ते. साडेनऊला आत्या जीप भरून माणसं घेऊन आली, दाराबाहेरूनच गळा काढला. आबा मुरमुऱ्यांची सुशीला खात बसले होते. रडण्याचा आवाज ऐकून त्यांना वाटलं शेजारी कुणीतरी गेलं, म्हणून ते ताट ठेवून बघायला बाहेर आले. आबांना दारात उभं बघून आत्याच खाली बसली. तिला कांदा हुंगवावा लागला. जीपमधले दोघं तर उतरायलाच तयार नव्हते.

"आबा न्हाईत म्हणून हिनंच सांगितलं!" आत्यानं माझ्याकडं बोट केलं. "रडून सांगितलं!"

"मी? मी म्हणाले इथं नाहीत! नांदेडला!"

"नांदेडला? हितला फोन उचलून नांदेडला?"

"इथला कुठं? तू माझ्या मोबाइलवर फोन केलास आत्या!"

"तुज्या मोबाइलचा नंबर मला पाठ हाय व्हय? म्या दादाच्या नव्या नंबरला लावला!"

मागं दारात ते तिघं निवृत्त अजून उभेच. आबांचं लक्ष गेलं. "तुम्ही कशाला आलात रे? अन् हातात काय हाय?"

हारवाल्यानं कागद पाठीमागं नेला. मग तो घाम पुसत म्हणाला, "सत्कार करावा म्हटलं, साहेब."

"आज? कशाचा?"

"सहजच."

आबा पुन्हा आत्याकडं वळले. माणूस तीस वर्षं गाड्यांच्या वेळा जुळवत आलेला, डोकं भराभर चाललं. "थांबा. माझा फोन सकाळपासून एकदाबी वाजला न्हाई. शांते, तू ह्या नंबरला लावला, उचलला हिनं. मिल्यानं लावला असंल, उचलला हिनं." ते माझ्याकडं बघायला लागले. "सुजे, जाताना तू ह्याच्यात काय केलंस?"

"काही नाही. जास्तीची सोय करून ठेवली."

आत्याचा मुलगा गौतम, शिरूरला शाळेत शिक्षक आहे. त्यानं माझा मोबाइल चार्जरला लावला, तो चालू होऊ दिला. मग स्वतःच्या मोबाइलवरून आबांचा नंबर लावला. सगळी खोली टेबलावरच्या फोनकडं बघत होती. फोन गप्प. वाजला तो कोपऱ्यातला माझा मोबाइल.

आणि मी काय करावं? सकाळपासूनची सवय! धावत जाऊन उचलला. "हॅलो! कोण?"

"मीच आहे ताई," गौतम म्हणाला. "मागं बघ."

खोलीत पंधरा माणसं होती. त्यांतली आधी कोण हसली ते मला माहीत आहे, आणि मी ते विसरणार नाही. शांताआत्या!

गौतमनं चिठ्ठी वाचून मला समजावलं. 'सगळे कॉल' म्हणजे सगळ्या अडचणीत नव्हे, तर आलेला प्रत्येक कॉल. आबांचा फोन न वाजता सरळ माझ्याकडं. आणि मी आबांना लावला, की तो फिरून माझ्याच मोबाइलवर. तो कसा असणार? बिझी! मी सकाळी सातपासून स्वतःलाच फोन लावत होते, आणि मीच मला उचलत नव्हते.

"लातूरची गाडी परस्पर नांदेडला वळवली हिनं," आबा म्हणाले. "नोकरीत असतो तर निलंबित केली असती."

गौतमनं कोड टाकून ती सोय काढली. मी मदतीला पुढं झाले तर सगळे एकदम ओरडले, "तू बस!" मग मी आधी ह्यांना फोन करून सगळं सांगितलं. "म्हणजे फोन बिघडला नव्हता," एवढंच बोलून ते बराच वेळ खोकत राहिले. मिलिंदला सगळ्यांनी आळीपाळीनं लावून बघितला. 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर', नाहीतर वाजून बंद. गाडी तोच चालवत असणार. गौतमनं मेसेज टाकला, पण तो वाचलेला दिसेना.

मग काय, पंधरा माणसांचा स्वयंपाक केला. पिठलं, भाकरी, ठेचा. सत्कारवालेही जेवले. आबांनी दिवसभर आलेल्या-गेलेल्याला स्वतःच्या मरणाची बातमी इतक्या हौसेनं सांगितली, की तीन वाजता थकून आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. बायका भांडी घासत होत्या. मी फोनजवळ बसले होते. सकाळपासून पहिल्यांदा जीव भांड्यात पडला होता.

तेवढ्यात तो फोन वाजला. टेबलावरचा, खरा. खणखणीत!

मला एवढा आनंद झाला! वाजला, माझा फोन वाजला! मी रिसीव्हर उचलला. "हॅलो! जयभीम!"

"ताई..." मिलिंदचा आवाज, अगदी खोल गेलेला. "मी लातूरजवळ आलोय, मुरूडपर्यंत. आबा...?"

आता त्याला एका वाक्यात बरं वाटावं, काळजी मिटावी, असं मला मनापासून वाटलं. आतल्या खोलीत डोकावून बघितलं. मग आवाज हळू केला, कारण आबांची झोप मोडायला नको, आणि म्हणाले:

"काळजी करू नकोस मिल्या. सगळे आलेत, जेवणंही झाली. आबा आता शांत झोपलेत."

पलीकडून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. आत्यानं माझ्या हातातून रिसीव्हर हिसकावून घेतला.

त्या दिवसापासून लातूरला फोन वाजला, की आधी मला खोलीबाहेर काढतात आणि मगच उचलतात.